लाल डगल्याचे दोन शिपाई : ठाण्याचा किल्ला आणि एक बिननावाचा भुंगेरा

#धागा #इतिहास #ठाणे #कल्याण #डोंबिवली

१/
२८ डिसेंबर १७७४. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेने अखेरचा हल्ला चढवला आणि ठाण्याचा किल्ला मराठ्यांच्या हातून गेला. त्या तटबंदीच्या आत आज ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह आहे. हल्ला करणाऱ्या पलटणीच्या अंगावर लाल डगला होता आणि याच डगल्यावरून इंग्लंडात एका किड्याचे नाव पडले. हा धागा या दोन शिपायांचा आहे. पहिल्याच्या मोहिमांवर खंडच्या खंड लिहिले गेले. दुसऱ्याला आपल्या भाषेत अद्याप रूढ नावही नाही.

२/
आधी पहिला शिपाई. पोर्तुगिजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतलेला हा किल्ला १७३७ साली मराठ्यांनी घेतला. दोन वर्षांनी चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. १७७४ च्या अखेरीस मुंबईत वार्ता पसरली की, साष्टी परत मिळवण्यासाठी पोर्तुगीज आरमार येत आहे. ते पोहोचण्याआधी आपणच साष्टी घ्यावी, असे मुंबईकर इंग्रजांनी ठरवले. जमिनीवरच्या फौजेचा प्रमुख जनरल रॉबर्ट गॉर्डन आणि आरमाराचा कमोडोर जॉन वॉटसन. वॉटसन या वेढ्यातच प्राणघातक जखमी झाला. पुढे १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी कायमची इंग्रजांकडे राहिली.

३/
हा लाल डगला इंग्लंडच्या यादवी युद्धातला. १६४५ साली संसदेच्या नव्या सेनेने तो सरसकट स्वीकारला आणि पुढची दोन शतके तीच इंग्रज पायदळाची ओळख राहिली. खेड्यापाड्यांतल्या मुलांनाही तो रंग डोळ्यांसमोरचा. त्यामुळे उन्हाळ्यात कुरणातल्या फुलांवर तांबूस-नारिंगी अंगाचे, लांबट, सडपातळ भुंगेरे दिसू लागले की, मुले त्यांना ‘सोल्जर’ म्हणत. त्यांचेच निळसर-काळे भाऊबंद दिसले की ते ‘सेलर’, म्हणजे खलाशी. पायदळ आणि आरमार दोन्ही एकाच फुलावर!

४/
या किड्यांच्या कुळाचे शास्त्रीय नाव कँथारिडी. जगभरात याच्या पाच हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत. बहुतेकांची लांबी नखाच्या रुंदीएवढी किंवा थोडी जास्त. शरीर लांबट, दोन्ही बाजू जवळपास समांतर, मिशा दोऱ्यासारख्या लांब. आपण या धाग्यापुरते त्याला ‘शिपाई भुंगेरा’ म्हणू.

५/
गंमत अशी की, या शिपायाजवळ चिलखतच नाही. भुंगेऱ्यांचे पुढचे पंख टणक होऊन त्यांचे कवच बनते आणि उडायचे खरे पंख त्याखाली घडी करून ठेवलेले असतात. म्हणूनच ॲरिस्टॉटलने या गटाला दिलेल्या ग्रीक नावाचा अर्थ होतो ‘म्यानात पंख असलेले’. शिपाई भुंगेऱ्याचे म्यान मात्र मऊ आणि लवचीक, पातळ चामड्यासारखे असते. बोटाच्या चिमटीत तो सहज चिरडेल. नाव लष्करी, अंग मखमली.

६/
मग तो जगतो कसा? रसायनाच्या बळावर. याच्या शरीराच्या दोन्ही कडांना ग्रंथी असतात. कोणी पकडले की त्यांतून उग्र, कडवट द्रव बाहेर येतो आणि पक्षी किंवा कोळी त्याला टाकून देतो. एकदा तोंड पोळलेला पक्षी तो रंग लक्षात ठेवतो. इंग्रजी डगल्याचा लाल रंग रणांगणात आपली माणसे ओळखता यावीत म्हणून होता. भुंगेऱ्याचा लाल-नारिंगी रंग शत्रूने आपल्याला ओळखावे म्हणून आहे.

७/
त्याचा जीवनक्रम शेतकऱ्याच्या फायद्याचा आहे. मादी अंडी घालते ती ओलसर मातीत. अळी गडद रंगाची, अंगावर मऊ लव असलेली. ती पालापाचोळ्याखाली फिरते आणि लहान कीटक, त्यांची अंडी, गोगलगायी फस्त करते. प्रौढ भुंगेरा फुलांवर येतो, मकरंद व पराग खातो, जाता जाता परागीभवन करतो आणि कित्येक जाती माव्यावरही ताव मारतात. पिकाचे नुकसान जवळपास नाहीच. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचाच प्रश्न होणार आहे.

८/
या कुळाचे वय किती? म्यानमारच्या अंबरात, म्हणजे झाडाच्या चिकाच्या अश्मीभूत गोळ्यांत, याचे जीवाश्म सापडले आहेत. ते अंबर सुमारे ९ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीचे. आपला दख्खनचा काळा कातळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. म्हणजे येऊरची टेकडी, पारसिकचा डोंगर, कल्याणहून दिसणारा मलंगगड यांचा दगड थिजण्याच्या तीन कोटी वर्षे आधी हे शिपाई पृथ्वीवर हजर होते.

९/
आता नावाचा घोळ. १७५८ साली स्वीडनच्या कार्ल लिनियसने आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत या भुंगेऱ्यांना ‘कँथारिस’ हे नाव दिले. युरोपातल्या काजव्यालाही त्याने त्या वेळी याच घरात बसवले होते. ते अगदीच चुकीचे नव्हते. काजवा आणि शिपाई भुंगेरा खरोखरच जवळचे नातलग आहेत. परंतु ‘कँथारिस’ हा शब्द त्याच्याही आधी दीड-दोन हजार वर्षे ग्रीक-रोमन वैद्यांच्या पोथ्यांत वावरत होता आणि तिथे त्याचा अर्थ वेगळा होता.

१०/
वैद्यांचा ‘कँथारिस’ म्हणजे अंगावर फोड आणणारा भुंगेरा, युरोपात ‘स्पॅनिश माशी’ म्हणून कुप्रसिद्ध झालेला. त्याच्या भुकटीचे लेप लावत, आणि ती पोटात गेली तर माणूस दगावे. त्यातले विष १८१० साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पिएर रोबिके याने वेगळे केले. लिनियसने मात्र ते जुने नाव निरुपद्रवी शिपायाला देऊन टाकले आणि विषारी भुंगेऱ्याला दुसऱ्या घरात नेले. परिणाम असा की, आजही विषाचे नाव कँथारिडिन आणि कँथारिडी कुळात ते विष तयारच होत नाही.

११/
या विषारी भुंगेऱ्यांचे भाऊबंद आपल्याकडे आहेत आणि मराठीत त्यांना नावेही आहेत : हिंगे, सोसे. बाजरी फुलोऱ्यात आली की हे कणसावर बसून पराग खातात आणि दाणे भरत नाहीत. नुकसान करणारा किडा शेतकऱ्याला ओळखावाच लागतो. ओळखायचा तर नाव हवे. इथून या धाग्याचा खरा प्रश्न सुरू होतो : कोणत्या किड्याची नोंद होते आणि कोणत्या किड्याची होत नाही?

१२/
ठाण्यापुरते पाहिले तर या प्रश्नाचा मागोवा थेट चौदाव्या शतकापर्यंत जातो. १३२१ साली जॉर्डानुस नावाचा एक डोमिनिकन धर्मोपदेशक चार फ्रान्सिस्कन सोबत्यांसह ठाण्याला उतरला. तो पुढे भडोचच्या दिशेने गेलेला असताना एप्रिल महिन्यात त्याचे चौघेही सोबती ठाण्यात मारले गेले. जॉर्डानुसने परत येऊन त्यांचे अवशेष सोपाऱ्याला पुरले. पुढे पोपने १३२९ मध्ये त्याला कोल्लमचा बिशप नेमले. त्याच सुमारास त्याने भारतातल्या नवलाईवर एक छोटे लॅटिन पुस्तक लिहिले. १८६३ साली हेन्री यूलने त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला.

१३/
त्या पुस्तकात आंबा आहे, फणस आहे, नारळ आहे आणि किडेही आहेत. वाळवीचे वर्णन तर आजच्या कोणाही ठाणेकराने दुजोरा द्यावा असे : लोकरीसारखी पांढरी, इवलीशी, लाकडापासून दगडांच्या सांध्यांपर्यंत सर्व कुरतडणारी, मातीचे कवच उभारून त्याच्या आडून चालणारी आणि ते कवच फुटून ऊन लागले की मरणारी. दुसरे वर्णन एका गांधीलमाशीचे. ती मोठाले कोळी मारते आणि वाळूत खोल खड्डा करून अशा तऱ्हेने पुरते की, जागा कोणाला सापडू नये.

१४/
या दोन नोंदींत फरक आहे. वाळवी कपडे आणि लाकूड खाते म्हणून तिची दखल कोणीही घेईल. कोळी पुरणारी गांधीलमाशी माणसाला ना तोट्याची ना नफ्याची. तरीही सोबत्यांच्या हत्येचे दुःख वागवणारा हा परदेशी माणूस वाकून तिचे काम पाहत बसला आणि त्याने ते लिहून ठेवले. त्याच्यामागून थोड्याच काळात ठाण्याला आलेल्या ओडोरिकने कुत्र्याएवढ्या उंदरांची नोंद केली, म्हणजे बहुधा आपली घूस! पण नुसत्या कुतूहलापोटी किड्याकडे पाहण्याचा मान जॉर्डानुसचा.

१५/
आता साडेपाच शतके पुढे या. १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ जण जमले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी वैद्य होते. साताऱ्यात जन्मलेला, मीठ व जकात खात्यातला विनोदी लेखक एडवर्ड एटकेन होता. पतंग-फुलपाखरांचा अभ्यासक कर्नल स्विन्हो होता. मुंबई-ठाण्याच्या परिसरातल्या जीवसृष्टीच्या शिस्तबद्ध नोंदींचे पर्व इथून सुरू झाले.

१६/
त्याच काळात ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या प्रचंड ग्रंथमालेला आरंभ झाला. भुंगेऱ्यांचे खंड एकामागून एक आले : शिंगाळ भुंगेऱ्यांवर गॅहन (१९०६), शेणकिड्यांच्या कुळावर अ‍ॅरो (१९१०), सोंडकिड्यांवर मार्शल (१९१६). कँथारिडी कुळावर मात्र त्या मालेत एकही खंड निघाला नाही. एक कारण माणसांचे : ज्या कुळाचा तज्ज्ञ मिळाला, त्याचा खंड झाला. दुसरे कारण खुद्द किड्याचे : टाचणीवर वाळवलेले मऊ अंग आक्रसते, रंग उडतो. गेंड्या भुंग्यासारखा तो कपाटात वर्षानुवर्षे ऐटीत उभा राहत नाही.

१७/
म्हणजे तो कोणाला दिसलाच नाही असे नाही. हर्बर्ट अँड्र्यूज हा भारतीय वनखात्यातला अधिकारी. त्याने बेळगाव आणि कानडा भागांतल्या जंगलांत भुंगेऱ्यांचा मोठा संग्रह केला. त्यातले मऊ अंगाचे भुंगेरे त्याने इंग्लंडमधल्या हेन्री गॉरहॅम या जाणकाराकडे सोपवले. गॉरहॅमची यादी १८९५ साली बेल्जियमच्या कीटकशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात छापली गेली. अँड्र्यूजची स्वतःची आवड भुईभुंगेऱ्यांची. त्यांच्यावर त्याने १९२९ आणि १९३५ मध्ये दोन जाडजूड खंड लिहिले. सह्याद्रीतल्या शिपायाच्या वाट्याला यादीतली काही पाने आली.

१८/
विसाव्या शतकात कथा आणखी दूर गेली. फ्रान्सचा मॉरिस पिक याने जगभरच्या हजारो भुंगेऱ्यांना नावे दिली. वर्णने कित्येकदा दोन-चार ओळींची. स्वित्झर्लंडच्या वॉल्टर विटमर याने आशियातल्या, विशेषतः हिमालयातल्या शिपाई भुंगेऱ्यांवर आयुष्य वेचले. त्यामुळे आज भारतीय जातींचे कित्येक मूळ नमुने पॅरिस, लंडन आणि बासेल इथल्या संग्रहालयांत आहेत. डोंबिवलीतल्या विद्यार्थ्याला आपल्या टेकडीवरचा किडा नेमका कोणता हे ठरवायचे तर धागा तिथवर न्यावा लागतो.

१९/
इकडे देशात कीटकशास्त्राची दिशा पिकांच्या हिशेबाने ठरत होती. १९०५ साली बिहारमधल्या पुसा इथे कृषिसंशोधन संस्था निघाली. तिथला कीटकशास्त्रज्ञ मॅक्सवेल-लेफ्रॉय याचे भारतीय कीडींवरचे पुस्तक १९०६ चे आणि एकूण कीटकजीवनावरचे १९०९ चे. आधी कीड, मग कीटक. दुष्काळ आणि महसूल यांच्या काळात हा क्रम समजण्यासारखा होता. पण त्याची सवय आपल्याला कायमची जडली.

२०/
मराठी नावेच पाहा. नारळाचा कोंब पोखरणारा गेंड्या भुंगा. माडाच्या खोडात शिरणारा सोंड्या. भातावरचे तुडतुडे. रातोरात शेतामागून शेत फस्त करत निघणारी, भाताच्या लोंब्या कुरतडणारी लष्करी अळी. म्हणजे लष्कराचे नाव मराठीने दिले ते शत्रूला! मित्रांत नाव मिळाले ते माव्यावर जगणाऱ्या ढालकिड्याला आणि ढाल नावातच आहे, पाठीवरही आहे. प्रकाशामुळे काजव्याला नाव मिळाले. त्याचाच सख्खा चुलत भाऊ मात्र बिनढालीचा, बिनदिव्याचा आणि बिननावाचा राहिला.

२१/
‘एका किड्याला नाव नसले तर बिघडले काय?’ असे कोणी विचारील. बिघडते ते असे. ज्याला नाव आहे, तो कमी झाला की कळते. ‘पूर्वी इथे काजवे दिसत’ हे वाक्य ठाणे-कल्याणच्या प्रत्येक जुन्या घरात ऐकू येते. ‘पूर्वी इथे शिपाई भुंगेरे दिसत’ असे कोणी म्हणत नाही. म्हणणार तरी कसे? पण दोघांच्याही अळ्या जमिनीलगत, ओलाव्यात वाढणाऱ्या. खाडीकाठची आणि उल्हास नदीलगतची भातखाचरे भरावाखाली गेली, अंगणांत पेव्हर ब्लॉक बसले, उद्यानांतला पाचोळा रोज झाडून पेटवला जाऊ लागला. घर दोघांचेही गेले. शोक मात्र एकाच्याच वाट्याला आला.

२२/
इतिहासाच्या अभ्यासकाला हे ओळखीचे वाटेल. दफ्तरात ज्याचे नाव नाही, त्याचे जाणेही दफ्तरात नसते. ठाण्याच्या वेढ्यात गॉर्डन आणि वॉटसन ही नावे आपल्याला सहज सापडतात. तटावर लढून मेलेल्या साध्या शिबंदीची नावे शोधून पाहा. नोंद करणाऱ्याला ज्याची गरज भासली, तेवढेच पुढे आले. निसर्गाचा इतिहासही याच कागदांवर लिहिला गेला आणि त्यातली रिकामी जागाही तशीच तयार झाली.

२३/
पण रिकामी जागा भरता येते. २०१५ साली महाराष्ट्राने ‘ब्लू मॉर्मन’ला राज्य फुलपाखरू घोषित केले, राज्य फुलपाखरू ठरवणारे हे देशातले पहिले राज्य. मग त्याला ‘निलवंत’ हे मराठी नाव मिळाले आणि राज्याच्या जैवविविधता मंडळाच्या पुढाकाराने इतर फुलपाखरांचेही मराठी बारसे झाले. घोडबंदर रस्त्यालगतच्या ओवळेकर वाडीत शाळेतली मुले फुलपाखरे नावानिशी ओळखतात. नाव आले की डोळे मागोमाग येतात.

२४/
तेव्हा पाऊस सुरू झाला की येऊरच्या वाटेवर किंवा घराजवळच्या एखाद्या हिरव्या टेकडीवर गवतफुलांकडे जरा थांबून पाहा. लांबट, मऊ पंखांचा, दोरीसारख्या मिशांचा, तांबूस वा पिवळसर भुंगेरा दिसला तर हात न लावता छायाचित्र घ्या. हात न लावण्याचे कारण हिंगे : त्यांचाही बांधा लांबट, पंखही मऊसर. ओळखीची खूण मानेची. हिंग्याचे डोके मोठे आणि मागे बारीक मान असते. शिपायाच्या डोक्यामागचा भाग चपटा, रुंद, ढालीच्या तुकड्यासारखा असतो. हिंगा चिरडला तर कातडीवर फोड येतात.

२५/
छायाचित्रासोबत तारीख, ठिकाण आणि तो कोणत्या झाडावर होता हे लिहा आणि एखाद्या खुल्या निसर्ग-नोंदवहीत टाका. सातशे वर्षांपूर्वी ठाण्याच्या किनाऱ्यावर उतरलेल्या एका दुःखी प्रवाशाने गांधीलमाशीसाठी एवढेच केले होते : पाहिले आणि लिहिले. १७७४ च्या लाल डगल्याची नोंद इंग्रजांनी आपल्या हाताने केली. या दुसऱ्या लाल डगल्याची नोंद करायला मात्र ठाणे-कल्याण-डोंबिवलीचेच कोणी तरी हवे.

(धागा समाप्त. तुमच्या गावात, आजी-आजोबांच्या बोलीत या भुंगेऱ्याला काही नाव असेल तर गावाच्या नावासह खाली अवश्य कळवा. हा धागा तिथून पुढे नेऊ.)